अदिती स्वामी: उसाच्या शेताकडेला शिकलेली साताऱ्याची मुलगी 17व्या वर्षी जगज्जेती कशी झाली?

5 ऑगस्ट 2023. जर्मनीतलं बर्लिन शहर. जागतिक तिरंदाजी स्पर्धेत महिलांच्या कंपाउंड प्रकाराची फायनल सुरू होती. एका बाजूला मेक्सिकोची अनुभवी खेळाडू आंद्रेया बेसेरा, दुसऱ्या बाजूला साताऱ्याची 17 वर्षांची अदिती स्वामी. प्रत्येकीने 15 बाण मारायचे, जास्तीत जास्त 150 गुण.

बेसेराने 147 गुण मिळवले. हा स्कोअर बहुतेक फायनल जिंकून देतो. पण अदितीने 149 मिळवले होते. म्हणजे 15 पैकी 14 बाण थेट दहाच्या वर्तुळात आणि फक्त एक नऊवर.

भारताला जागतिक तिरंदाजी स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदक मिळवून देणारी ती पहिली खेळाडू ठरली. सीनियर गटात इतक्या कमी वयात कोणीच जगज्जेतं झालं नव्हतं. बरं, त्याच दिवशी काही वेळाने पुरुषांच्या कंपाउंड प्रकारात नागपूरच्या ओजस देवतळेनेही सुवर्ण जिंकलं. गंमत म्हणजे हे दोघंही साताऱ्यातल्या एकाच प्रशिक्षकाकडे, एकाच अकादमीत शिकत होते.

एका जिल्ह्याच्या गावातून एकाच दिवशी दोन जगज्जेते कसे तयार झाले? अदितीचा प्रवास नेमका कसा होता? आणि जगज्जेतेपद मिळाल्यावरही तिच्यासमोरचा प्रश्न का संपला नाही? समजून घेऊया.

सुरुवात कुठून झाली?

अदितीचं कुटुंब मूळचं सातारा जिल्ह्यातल्या शेरेवाडीचं. वडील गोपीचंद स्वामी शाळेत गणिताचे शिक्षक, आई सरकारी नोकरीत. घरात खेळाडू कोणी नव्हतं, पण आपल्या मुलांपैकी एकाने तरी खेळात काहीतरी करावं असं वडिलांना वाटायचं. गावात तशी सोय नव्हती. म्हणून कुटुंब सातारा शहरात राहायला आलं.

अदिती साधारण 10 वर्षांची असताना वडील तिला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर घेऊन गेले. एवढ्या मोठ्या मैदानावर वेगवेगळ्या खेळांचा सराव चालू होता. कोणी पळत होतं, कोणी फुटबॉल खेळत होतं. एका कोपऱ्यात काही मुलं धनुष्य घेऊन शांतपणे नेम धरत होती. अदितीला तेच आवडलं.

तिथे मुलांना शिकवत होते प्रवीण सावंत. स्वतः तिरंदाजी खेळलेले, नोकरी पोलीस दलात कॉन्स्टेबलची. ड्युटी सांभाळून ते मुलांना शिकवायचे. पुढे त्यांनी स्वतःची दृष्टी आर्चरी अकादमी सुरू केली. ही अकादमी म्हणजे चकाचक क्रीडा संकुल नव्हतं. उसाच्या शेतातली मोकळी केलेली जागा, एका टोकाला टार्गेट आणि दुसऱ्या टोकाला मुलं, एवढंच.

खर्चाचं गणित

तिरंदाजी हा साधनांचा खेळ आहे. चांगल्या कंपाउंड धनुष्याची किंमत लाखांत जाते. बाणांचा संच वेगळा. साइट, स्टॅबिलायझर, रिलीज हे सगळं आणखी वेगळं. आणि ही खरेदी एकदा करून भागत नाही. मूल वाढत असतं. हाताची लांबी वाढते, ताकद वाढते, मग धनुष्याचं मापही बदलावं लागतं. बाण वाकतात, मोडतात, एकमेकांवर आदळून फुटतात.

शिक्षकाच्या पगारात हे बसणारं नव्हतं. गोपीचंद स्वामींनी मुलीच्या धनुष्यासाठी कर्ज काढलं. पुढे खेळ वाढला तसं कर्जही वाढलं. त्या वेळी अदितीच्या नावावर ना आंतरराष्ट्रीय पदक होतं, ना शिष्यवृत्ती, ना नोकरीची हमी.

ग्रामीण भागातल्या बहुतेक खेळाडूंच्या बाबतीत खरी मेख इथेच असते. पदक मिळाल्यावर मदत येते, पण पदक मिळेपर्यंतची पाच-सहा वर्षं घरच्यांनाच रेटावी लागतात. अदितीच्या बाबतीत ती वर्षं एका शिक्षकाच्या कर्जावर आणि एका कॉन्स्टेबलच्या फावल्या वेळावर निघाली.

कंपाउंड म्हणजे नेमकं काय?

अदितीचं करिअर समजून घ्यायचं तर हा फरक माहीत असायला हवा. आंतरराष्ट्रीय तिरंदाजीत मुख्य प्रकार दोन: रिकर्व्ह आणि कंपाउंड.

रिकर्व्ह म्हणजे आपण ऑलिम्पिकमध्ये बघतो ते धनुष्य. टोकं बाहेरच्या बाजूला वळलेली असतात आणि दोरी बोटांनी ओढायची असते. टार्गेट 70 मीटरवर असतं. दीपिका कुमारी, अतनु दास हे रिकर्व्हचे खेळाडू.

कंपाउंड धनुष्याचा शोध 1960च्या दशकात अमेरिकेत लागला. याच्या दोन्ही टोकांना कॅम म्हणजे चाकं असतात. दोरी ओढायला सुरुवात केली की जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर चाकं फिरतात आणि हातावरचा भार एकदम कमी होतो. त्यामुळे खेळाडूला काही सेकंद स्थिर राहून नेम धरता येतो. दोरी बोटांनी सोडायची नसते, त्यासाठी रिलीज नावाचं छोटं उपकरण हातात असतं. साइटला भिंग लावायची परवानगी असते. नियमानुसार धनुष्याचा जोर जास्तीत जास्त 60 पौंड, म्हणजे साधारण 27 किलो असू शकतो.

मग कंपाउंड सोपं का? उलट आहे. साधनं अचूक असल्यामुळे सगळेच अचूक मारतात आणि चुकीला जागाच उरत नाही. टार्गेट 50 मीटरवर असतं आणि त्यावरचं दहाचं वर्तुळ फक्त 8 सेंटीमीटरचं, म्हणजे चहाच्या कपाच्या तोंडाएवढं. दोन खेळाडूंच्या सामन्यात प्रत्येकी तीन बाणांच्या पाच फेऱ्या होतात आणि सगळ्या गुणांची बेरीज केली जाते.

रिकर्व्हमध्ये प्रत्येक फेरीचे, म्हणजे सेटचे गुण वेगळे धरतात. एखादी फेरी वाईट गेली तर पुढच्या फेरीत परत येता येतं. कंपाउंडमध्ये पहिल्याच बाणाला आठ गुण मिळाले, तर ते गेलेले दोन गुण शेवटपर्यंत मानगुटीवर बसतात. इथे सामने एका-दोन गुणांनी ठरतात.

2023: सगळं बदलणारं वर्ष

2023च्या सुरुवातीला अदितीचं नाव तिरंदाजीच्या वर्तुळाबाहेर फारसं कोणाला माहीत नव्हतं. पुढच्या चार-पाच महिन्यांत जे झालं ते कोणत्याही खेळाडूच्या करिअरमध्ये क्वचित होतं.

जून, मेदेयीन, कोलंबिया. वर्ल्ड कपच्या पात्रता फेरीत अदितीने 720 पैकी 711 गुण मिळवले. ही फेरी 72 बाणांची असते, म्हणजे 72 बाणांत तिने फक्त 9 गुण गमावले. 18 वर्षांखालील गटातला हा नवा विश्वविक्रम होता. आधीचा विक्रम अमेरिकेच्या लिको अरेओलाच्या नावावर होता, 705 गुणांचा. ज्या खेळात एकेका गुणासाठी झगडावं लागतं, तिथे विक्रम एकदम सहा गुणांनी पुढे गेला.

जुलै, लिमेरिक, आयर्लंड. जागतिक युवा स्पर्धेत 18 वर्षांखालील गटाच्या फायनलमध्ये तिने अमेरिकेच्या लिअ‍ॅन ड्रेकला 142-136 असं हरवलं आणि युवा जगज्जेती झाली. सांघिक प्रकारातही सुवर्ण मिळालं.

ऑगस्ट, बर्लिन. इथे ती सीनियर गटात खेळत होती. आधी सांघिक फायनल झाली, 4 ऑगस्टला. ज्योती सुरेखा वेन्नम, परनीत कौर आणि अदिती या तिघींनी मेक्सिकोला 235-229 असं हरवलं. जागतिक तिरंदाजी स्पर्धेत कोणत्याही प्रकारात भारताला मिळालेलं हे पहिलं सुवर्ण. तोपर्यंत भारताच्या खात्यात रौप्य आणि कांस्यपदकंच होती.

दुसऱ्या दिवशी वैयक्तिक सेमी-फायनलमध्ये अदितीसमोर होती तिच्याच संघातली ज्योती. ज्योती म्हणजे भारताच्या कंपाउंडचा मुख्य आधार. 2021च्या जागतिक स्पर्धेच्या फायनलपर्यंत ती पोहोचली होती आणि अवघ्या दोन गुणांनी सुवर्ण हुकलं होतं. तिला अदितीने 149-145 असं हरवलं. मग फायनलमध्ये बेसेराविरुद्ध पुन्हा 149.

सेमी-फायनल आणि फायनल मिळून 30 बाण, 300 पैकी 298 गुण. युवा आणि सीनियर अशी दोन्ही जगज्जेतेपदं तिने एकाच उन्हाळ्यात, महिन्याभराच्या अंतरात मिळवली.

हांगझाऊ आणि अर्जुन पुरस्कार

त्यानंतर ऑक्टोबरमध्ये चीनच्या हांगझाऊमध्ये एशियन गेम्स झाले. जगज्जेती म्हणून उतरलेल्या अदितीवर आता सगळ्यांचं लक्ष होतं. सांघिक फायनलमध्ये भारताने चायनीज तैपेईला 230-229 असं हरवलं आणि अदितीला एशियन गेम्सचं सुवर्ण मिळालं.

वैयक्तिक सेमी-फायनलमध्ये पुन्हा ज्योती समोर आली. या वेळी ज्योती 149-146 अशी जिंकली. बर्लिनचा हिशेब चुकता झाला. अदितीने इंडोनेशियाच्या रतिह फादलीला हरवून कांस्य घेतलं, तर ज्योतीने फायनलमध्ये कोरियाच्या सो चेवॉनला हरवून सुवर्ण.

या स्पर्धेत कंपाउंडची पाचही सुवर्णपदकं भारताने जिंकली. त्यातली तीन ओजसच्या वाट्याला आली: वैयक्तिक, पुरुष सांघिक आणि ज्योतीसोबत मिश्र सांघिक. महिला सांघिक सुवर्णात अदिती होती. थोडक्यात, पाचपैकी चार सुवर्णपदकांच्या संघात साताऱ्याच्या अकादमीत घडलेला एक तरी खेळाडू होता.

9 जानेवारी 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते अदिती आणि ओजस दोघांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

साताराच का?

सातारा-सांगली पट्ट्याला खेळाडू नवे नाहीत. ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. रिओ ऑलिम्पिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसची फायनल गाठणारी ललिता बाबर माण तालुक्यातल्या मोहीची. क्रिकेटपटू स्मृती मानधना सांगलीची आणि 2022च्या कॉमनवेल्थ गेम्समध्ये वेटलिफ्टिंगचं रौप्य जिंकणारा संकेत सरगरही सांगलीचाच.

तिरंदाजीत मात्र साताऱ्याचं नाव गेल्या काही वर्षांत झालं. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिम्पिकमध्ये रिकर्व्ह प्रकारात खेळला. मजुरी करणाऱ्या कुटुंबातल्या या मुलाला क्रीडा प्रबोधिनीपर्यंत पोहोचवलं ते जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी. 2023च्या ज्या युवा स्पर्धेत अदिती जिंकली, त्याच स्पर्धेत साताऱ्याच्या पार्थ साळुंखेने 21 वर्षांखालील रिकर्व्हचं सुवर्ण जिंकलं, आणि तेही फायनलमध्ये कोरियाच्या खेळाडूला हरवून. पार्थचे वडीलही शिक्षकच.

या गोष्टींमध्ये एक धागा समान आहे. यातली बहुतेक मुलं आधी मोठ्या अकादमीने किंवा कंपनीने हेरलेली नव्हती. त्यांच्यातलं काहीतरी आधी दिसलं ते एखाद्या शिक्षकाला, पालकाला किंवा नोकरी सांभाळून मैदानावर उभं राहणाऱ्या प्रशिक्षकाला. सरकारी यंत्रणा, परदेशी प्रशिक्षक, राष्ट्रीय शिबिरं हे सगळं नंतर आलं. 2022पासून भारताच्या कंपाउंड संघाला इटलीचे सर्जिओ पाग्नी यांचं मार्गदर्शन मिळालं आणि त्याचा फायदा निश्चित झाला. पण त्यांच्यापर्यंत पोहोचण्याइतकी तयारी साताऱ्यात झालेली होती.

ओजसची गोष्टही हेच सांगते. नागपूरचा हा मुलगा सावंतांकडे शिकण्यासाठी साताऱ्यात येऊन राहिला. एरवी मुलं खेळासाठी साताऱ्याहून पुण्याला किंवा सोनिपतला जातात. इथे उलटं झालं.

कोरियाचा मुद्दा

तिरंदाजी म्हटलं की कोरियाचं नाव येतंच. 1988पासून ऑलिम्पिकमध्ये महिलांचं सांघिक सुवर्ण दर वेळी कोरियानेच जिंकलं आहे, सलग दहा वेळा. 2024च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिरंदाजीची पाचही सुवर्णपदकं कोरियाला मिळाली.

पण हा दबदबा रिकर्व्हमधला आहे. कंपाउंडमध्ये कोरिया चांगला असला तरी अजिंक्य नाही. हांगझाऊमध्ये भारताने पुरुष सांघिक, मिश्र सांघिक आणि महिला वैयक्तिक अशा तीन फायनलमध्ये कोरियालाच हरवलं.

याचं एक कारण सरळ आहे. कंपाउंड प्रकार ऑलिम्पिकमध्ये नव्हता. ज्या देशाची सगळी यंत्रणा ऑलिम्पिक पदकाभोवती उभी आहे, तो देश चांगली मुलं आणि पैसा रिकर्व्हकडेच वळवणार. त्यामुळे कंपाउंडमध्ये भारत, मेक्सिको, कोलंबिया, अमेरिका यांच्यासाठी जागा मोकळी राहिली.

पण जी गोष्ट भारताच्या पथ्यावर पडली, तीच अदितीसारख्या खेळाडूंसाठी अडचणही होती. जगज्जेती होऊनही ती पॅरिस ऑलिम्पिकला जाऊ शकत नव्हती. ती कमी पडली असं नाही, तिचा प्रकारच तिथे नव्हता. आपल्याकडे सरकारी मदत, प्रायोजक आणि प्रसिद्धी यांचं घड्याळ ऑलिम्पिकच्या चार वर्षांवर चालतं. त्या घड्याळात कंपाउंडचा काटाच नव्हता.

त्यानंतर काय झालं?

2024मध्ये अदिती, ज्योती आणि परनीत या तिघींनी वर्ल्ड कपचे तीन टप्पे सलग जिंकले. शांघायमध्ये इटलीला, कोरियातल्या येचॉनमध्ये तुर्कीला आणि अंताल्यामध्ये एस्टोनियाला हरवून. त्या हंगामात महिला कंपाउंडमध्ये हा जगातला सर्वांत भरवशाचा संघ होता.

मात्र 2025मध्ये चित्र बदललं. मे महिन्यात शांघायच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून वैयक्तिक सुवर्ण जिंकलं ते अमरावतीच्या मधुरा धामणगावकरने. सप्टेंबरमध्ये कोरियातल्या ग्वांग्जूमध्ये जागतिक स्पर्धा झाली. तिथे भारताच्या महिला कंपाउंड संघात ज्योती, परनीत आणि पृथिका प्रदीप होत्या. दोन वर्षांपूर्वीची जगज्जेती अदिती या संघात नव्हती.

आणि त्या स्पर्धेत महिलांचं वैयक्तिक सुवर्ण कोणी जिंकलं? आंद्रेया बेसेराने. बर्लिनच्या फायनलमध्ये अदितीने जिला हरवलं होतं, तीच.

हे ऐकायला कठोर वाटतं, पण या खेळाचं स्वरूपच असं आहे. भारतात आता कंपाउंडच्या चांगल्या खेळाडूंची रांग लागली आहे आणि संघात जागा मोजक्याच असतात. निवड चाचणीत मागचं पदक चालत नाही, त्या दिवशीचे गुण चालतात. 72 बाणांत पाच-सहा गुण इकडचे तिकडे झाले की खेळाडू संघाबाहेर जाऊ शकतो. एकेकाळी भारताला सुवर्णाची वाट बघावी लागत होती. आता जगज्जेतेपद मिळवलेल्या मुलीलाही संघातली जागा पुन्हा मिळवावी लागते. अदिती आणि तिच्या सोबतच्या मुलींनी 2023मध्ये जे दार उघडलं, त्यातून पुढची पिढी आत आली. आता त्याच पिढीशी तिची स्पर्धा आहे.

2028चं दार

दरम्यान, एक मोठी गोष्ट घडली. एप्रिल 2025मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2028च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकचा कार्यक्रम मंजूर केला आणि त्यात कंपाउंडचा मिश्र सांघिक प्रकार घेतला. कंपाउंड धनुष्य ऑलिम्पिकमध्ये पहिल्यांदाच दिसेल.

अनेक वर्षं या प्रकारातले खेळाडू याचीच वाट बघत होते. पण दार उघडलं तरी ते अरुंद आहे. प्रकार एकच आहे आणि मिश्र संघात एका देशाचा एक पुरुष आणि एक महिला. म्हणजे संपूर्ण भारतातून कंपाउंडची एकच महिला तिथे नेम धरताना दिसेल. दावेदारांमध्ये अनुभवी ज्योती असेल, परनीत असेल, मधुरा, पृथिका आणि आज ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत अशा मुली असतील.

अदितीचा जन्म 2006चा. 2028च्या जुलैमध्ये ती 22 वर्षांची असेल. तिरंदाजीत हे वय उताराचं नाही, अनेक खेळाडू तिशीतही जगात अव्वल असतात. 17व्या वर्षी शिखर गाठलेल्या खेळाडूसमोर पुढची सगळी वर्षं तेच शिखर पुन्हा गाठण्याची असतात. ते ओझंही असतं आणि ते आपल्याला जमतं याचा पुरावाही.

तोपर्यंत साताऱ्यातल्या मैदानावर आणखी मुलं येत राहतील. त्यांचे पालक धनुष्याची किंमत विचारतील, मनातल्या मनात पगाराशी ताडून बघतील आणि क्षणभर गप्प होतील. 2023च्या आधी त्यांना देण्यासाठी ठोस उत्तर नव्हतं. आता निदान एक नाव सांगता येतं.

थोडक्यात अदिती स्वामी

जन्म: 2006, जिल्हा सातारा
प्रकार: कंपाउंड तिरंदाजी
प्रशिक्षक: प्रवीण सावंत, दृष्टी आर्चरी अकादमी, सातारा
विक्रम: 720 पैकी 711 गुण, 18 वर्षांखालील गट, जून 2023
जागतिक युवा स्पर्धा, लिमेरिक 2023: वैयक्तिक आणि सांघिक सुवर्ण
जागतिक स्पर्धा, बर्लिन 2023: वैयक्तिक आणि सांघिक सुवर्ण
एशियन गेम्स, हांगझाऊ: सांघिक सुवर्ण, वैयक्तिक कांस्य
वर्ल्ड कप 2024: शांघाय, येचॉन आणि अंताल्या इथे सांघिक सुवर्ण
सन्मान: अर्जुन पुरस्कार 2023